घागर टेकते ते हाड

प्रश्न : विहीर उपसताना गाळात बेडकाचा सांगाडा मिळाला. कमरेपाशी बेचकीसारखी दोन लांब हाडं आहेत. मी म्हणतो मांडीची, नातू म्हणतो शेपटीची. बरोबर कोण? सगळ्या बेडकांची ती अशीच असतात का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : दोघेही चुकलात, पण नातू थोडा जवळ आहे. बेचकीच्या मधोमध एक सरळ दांडा दिसेल. शेपटीचे मणके एकजीव होऊन तो झालाय. बेचकी मात्र कमरेची. बाईमाणूस घागर कमरेवर घेते तेव्हा ती ज्या हाडावर टेकते, तेच हे हाड, इलियम. आपलं पसरट, बेडकाचं पुढे ताणलेलं.

कॉलेजात शिकवायचो तेव्हा बेडूक चिरण्याआधी मी मुलांना तो नुसता बसलेला बघायला लावायचो. पाठीवर कुबड दिसतं ना? तिथे इलियमची टोकं मणक्याला भेटतात. हा सांधा बिजागरीसारखा. उडी मारताना कुबड सपाट होतं आणि अंग सरळ रेषेत सुटतं.

सगळ्यांचं मात्र असं नाही. अंगणात दिव्याखाली किडे टिपत फिरणारा खरखरीत भेक आठवा. तो लांब उडीचा गडी नव्हे. त्याच्या कमरेच्या मणक्याचे पंख, म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेले फाटे, पसरट असतात आणि सांधा डाव्या-उजव्या बाजूला जास्त हलतो. चालणाऱ्याला तेच सोयीचं. आफ्रिकेतला झेनोपस नावाचा बेडूक जवळपास जन्मभर पाण्यात. त्याची कंबर पोहताना मणक्यावरून चक्क मागेपुढे सरकते, टेबलाच्या खणासारखी. प्राणिशास्त्रज्ञ शॅरन एमर्सन यांनी 1979 मध्ये या सांध्यांची नीट प्रतवारी लावली.

मादागास्करला ट्रायाडोबट्रॅकस नावाच्या, बेडकांच्या प्राचीन नातलग प्राण्याचा जीवाश्म मिळाला आहे, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं इलियम तेव्हाच पुढे लांबलेलं होतं. पण पाठीत कमरेच्या पुढे 14 मणके (आजच्या बेडकांना फार तर 9) आणि मागे आखूड शेपूट, तीही सुट्ट्या मणक्यांची. म्हणजे हाड आधी लांबलं, शेपटीचा दांडा मागाहून जुळला. पुढे कोणी चालू लागलं, कोणी बिळात शिरलं, कोणी पाण्यात गेलं, तशी कंबर बदलत गेली. सारख्या सवयीच्या बेडकांत सारखी कंबर स्वतंत्रपणेही घडलेली आहे. त्यामुळे नुसत्या आकारावरून नातं जुळवायला गेलं की फसगत होते. मीही एकदा फसलोय, तेही भर वर्गात.

आता तुमचं हाड. धुऊन वाळवा आणि वरच्या कडेवरून बोट फिरवा. पात्यासारखी उंच धार लागली तर तो पावसाळ्यात डरांव डरांव करणाऱ्या उडीबाजांच्या कुळातला असण्याचा संभव जास्त. काठी नुसती गुळगुळीत, बिनधारेची असेल तर बहुधा अंगणातला भेक विहिरीत पडला असावा. नातवाला सांगा, फोटो कुबडाच्या बाजूने काढ, वरून नको.