डीएससीमध्ये पीक सरकलं नाही, मग लॅक्टोज चालेल का?

तुम्ही लिहिलंय की अमलोडिपिन बेसिलेट (रक्तदाबाचं औषध) आणि लॅक्टोज (गोळीत भर म्हणून घालायची दुधातली साखर) यांचं डीएससी, म्हणजे मिश्रण तापवत वितळण्याचं टोक (पीक) कुठे येतं ते बघायची चाचणी, स्वच्छ आलं, कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळत नाही आणि गाइड म्हणतात एवढं बस. बस नाही.

हेच मी बेळगावजवळच्या एका छोट्या कंपनीत आमच्या प्लांट हेडच्या तोंडून ऐकलंय. स्टोअरमध्ये लॅक्टोजच्या गोण्या पडून होत्या, त्या संपवायच्या होत्या, खरं कारण एवढंच. बाहेरच्या लॅबचा थर्मोग्राम (डीएससीचा आलेख) टेबलावर टाकून साहेब म्हणाले, "पीक जागच्या जागी हाय न्हवं? मग उगीच डोकं कशाला खायलास?" आता त्यांना काय सांगायचं! डीएससी मिनिटाला १० अंशांनी तापवत अर्ध्या तासात मोकळं होतं. अमलोडिपिनमधलं प्रायमरी अमाइन आणि लॅक्टोजसारखी रिड्युसिंग शुगर यांची तपकिरी रंग आणणारी मेलार्ड रिअ‍ॅक्शन ओल मिळाली की आठवडेच्या आठवडे मुरत होते. आपल्या कुंद्याला (बेळगावच्या दुधाच्या मिठाईला) तांबूस रंग येतो त्यातही हिचाच हात. कुंद्यात तो हवा, गोळीत नको. त्यात बेळगावचा जुलै, वेट ग्रॅन्युलेशन (पावडर ओली करून दाणे पाडणं) आणि नावापुरता डिह्युमिडिफायर.

मग मीच काचेच्या व्हायलमध्ये (छोट्या बाटल्यांत) औषध आणि भरीचे ब्लेंड भरले, २० टक्के पाणी घातलं, झाकणं लावून ५० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन आठवडे ठेवले. लॅक्टोजवालं पिवळट-तपकिरी झालं, क्रोमॅटोग्राममध्ये (घटक वेगळे दाखवणाऱ्या आलेखात) नवं पीक, म्हणजे नवा पदार्थ, आलं. लॅक्टोजऐवजी डायकॅल्शियम फॉस्फेट घातलेलं पांढरंच. त्यावर साहेब, "एवढं पाणी गोळीत कुठं असतंय?" अहो, म्हणून तर त्याला स्ट्रेस टेस्ट म्हणतात! फॉर्म्युला बदलला तो ट्रायल बॅचवर स्टॅबिलिटी चेंबरमध्ये डाग उठल्यावरच. आणि मीटिंगच्या नोंदीत काय लिहिलं? "कच्च्या मालातला दोष". अजून डोकं फिरतं.

तर तुम्ही व्हायलचाच मार्ग धरा. एचपीएलसी नसेल तर टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून ठिपके बघणं) करा, नवा स्पॉट दिसला तरी गाइडसमोर ठेवायला पुरे. प्रमाण गोळीत असतं तेच घ्या. औषध आणि घटक १:१ घ्यायचा हट्ट सोडा. मॅग्नेशियम स्टिअरेट गोळीत जेमतेम एक टक्का, ते निम्मं घालून मोजण्यात काय अर्थ? फिलर (भर) म्हणून मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि डायकॅल्शियम फॉस्फेट घ्या, अमलोडिपिनच्या मूळ ब्रँडच्या गोळीत तेच आहे.

डीएससी अगदीच टाकाऊ नाही, लवकर चाळणी लावायला ठीक आहे. पण ते उलटंही फसवतं. एक्सिपियंट (औषधासोबतचा घटक) आधी वितळलं की औषध त्यात विरघळतं, पीक पसरतं आणि चांगला घटक उगाच बाद होतो. आणि हो, अमलोडिपिन उजेडानेही बिघडतं. नुसत्या औषधाची एक व्हायल सोबत ठेवा, सगळ्यांना फॉइल गुंडाळा, नाहीतर तुमचे गाइड रंगाचा दोष ट्यूबलाइटवर ढकलतील. असली माणसं मला चांगली माहीत आहेत.