तुझ्या गोष्टीतला सात वर्षांचा मुलगा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं बाड पोचलं. वाचलं, थोडे दिवस बाजूला ठेवलं, पुन्हा वाचलं. वाक्य कुठे तोडायचं ते तुला कळतं. या वयात ते फार जणांना कळत नाही. कौतुक इथेच थांबवतो, कारण तू मत मागितलं आहेस.

तुझ्या गोष्टीत सात वर्षांचा एक ज्यू मुलगा नाझींच्या ऑशविट्झच्या छळछावणीत महिनोन् महिने राहतो. तारेजवळ बसून फुलपाखरं बघतो. भोवती काय चाललंय ते त्याला कळत नाही, आणि त्याचा निरागस चेहरा बघून एका जर्मन अधिकाऱ्याला पाझर फुटतो. पहिली अडचण अगदी साधी आहे. सात वर्षांचं ज्यू मूल तिथे सहसा एक दिवसही जगत नसे. गाडी आली की फलाटावरच निवड व्हायची. ज्यांच्याकडून काम करून घेता येणार नाही अशी लहान मुलं आणि त्यांचे हात धरलेल्या आया थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे जायच्या. त्या छावणीत सुमारे 2 लाख 32 हजार मुलं आणि किशोरवयीन आणले गेले. 27 जानेवारी 1945 रोजी सोव्हिएत सैनिक आत शिरले तेव्हा त्यांना सुमारे सात हजार कैदी जिवंत सापडले. त्यांत मुलं सातशेच्या आसपास. 2006 साली आलेल्या ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ची सावली तुझ्या गोष्टीवर आहे, हे तुलाही ठाऊक असणार. हा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी ती कादंबरी टाळावी, असं ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयाने 2020 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं.

पण नुसते तपशील दुरुस्त करून भागणार नाही. माझी तक्रार त्या मुलाच्या निरागसतेबद्दलच आहे. ती फार धुतलेली आहे. त्याला भूक लागते, पण दुसऱ्याच्या भाकरीवर त्याची नजर जात नाही. तो घाबरतो, पण कुणावर चिडत नाही. असं मूल वाचकाच्या मोठ्या सोयीचं असतं. वाचक रडतो, आपण सज्जन असल्याची खात्री करून घेतो आणि जेवायला उठतो.

आता प्रिमो लेवी वाच. तुरिनचा रसायनशास्त्रज्ञ, स्वतः ऑशविट्झमधून वाचलेला. 1963 साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात हुर्बिनेक नावाचं एक मूल आहे. वय तीनच्या आसपास, कमरेखाली लुळं, पाय काटक्यांसारखे, इवल्याशा हातावर गोंदलेला कैद्याचा क्रमांक. नावसुद्धा इतरांनी दिलेलं. त्याला बोलायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. छावणी सुटल्यावर दवाखान्यात तो एक शब्द उच्चारू लागतो. त्या खोलीत युरोपातल्या सगळ्या भाषांची माणसं आहेत, तरी त्या शब्दाचा अर्थ कुणालाच लागत नाही. मार्च 1945च्या सुरुवातीला तो मरतो. लेवी त्याच्या डोळ्यांबद्दल लिहितो, पण त्या डोळ्यांत त्याला निरागसता दिसत नाही. बोलता येत नसल्याचा संताप दिसतो, मागणी दिसते.

आणि त्याच्याशेजारी हेनेक आहे. पंधरा वर्षांचा, ट्रान्सिल्व्हेनियातला हंगेरियन मुलगा. अर्धा दिवस तो हुर्बिनेकच्या खाटेजवळ काढतो. त्याला भरवतो, त्याची घाण काढतो, पांघरूण सारखं करतो, हळू आवाजात हंगेरियनमध्ये बोलत राहतो. पोरगा एक शब्द बोलायला लागला, ही बातमी तोच सगळ्यांना सांगतो. मग लेवी जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. बिर्केनाऊमध्ये, म्हणजे ऑशविट्झच्याच एका भागात, सगळ्यात मोठा आणि धडधाकट म्हणून हेनेकला मुलांच्या बराकीचा कापो केलं होतं, म्हणजे कैद्यांवर नेमलेला कैदीच. बराकीत निवड व्हायची तेव्हा मुलं निवडून देणारा हेनेकच होता. त्याला पश्चात्ताप होतो का? नाही. का व्हावा? जगायची दुसरी वाट होती का?

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. हेनेक वाईट होता आणि सुधारला, असं लेवी म्हणत नाही. तो मुळात चांगला होता आणि परिस्थितीने बिघडवला, असंही म्हणत नाही. एकच मुलगा, तेच हात. मुलांना मारणं हे त्या क्रौर्याचं टोक खरंच, पण एका पंधरा वर्षांच्या पोराला त्या कामात जुंपणं हेही त्याच यंत्रणेचं काम होतं. ती बाजू तुझ्या गोष्टीत कुठेच नाही.

इम्रे कर्तेसच्या 1975च्या कादंबरीतला बुडापेस्टचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. ऑशविट्झच्या फलाटावर डॉक्टर माणसं निवडत असतो आणि हा मुलगा रांगेकडे डॉक्टरच्याच नजरेने बघू लागतो. हा चालेल, हा फार म्हातारा, हा नको. त्याचं कोवळं वय त्याला त्या नजरेपासून वाचवत नाही. उलट शहाण्या विद्यार्थ्यासारखा तो पटकन शिकतो. स्वतः कर्तेसही चौदाव्या वर्षी तिथे गेला होता.

नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचं ते वाक्य तू सुरुवातीला छापलं आहेस, माणसं अंतर्यामी चांगलीच असतात असं काहीसं. काढून टाक. तारीख बघ, 15 जुलै 1944. त्याच नोंदीत पुढे ती लिहिते की जग हळूहळू वैराण होताना दिसतंय आणि गडगडाट जवळ येताना ऐकू येतोय. त्याच वर्षी मे महिन्यात तिने लिहिलंय की मारण्याची आणि नासधूस करण्याची ओढ साध्या माणसांतही असते, युद्धाचा दोष फक्त पुढाऱ्यांवर ढकलून चालणार नाही. पंधरा वर्षांची नव्हती तेव्हा ती! त्या डायरीवरच्या 1955च्या नाटकाने शेवटाला तेच गोड वाक्य उचललं आणि बाकीची मुलगी मागे राहिली. आईशी भांडणारी, शेजारणीच्या नकला करणारी, रेडिओवरचं आवाहन ऐकून युद्धानंतर छापता यावी म्हणून स्वतःची डायरी पुन्हा लिहायला बसलेली. ती लेखिका होती. तिला बाहुली करू नकोस.

फुलपाखरांचंही तसंच. तेरेझिनला नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं, त्या वस्तीतली फुलपाखराची ती प्रसिद्ध कविता जगभर ‘लहान मुलाची कविता’ म्हणून वाचली जाते. ती लिहिणारा पावेल फ्रीडमन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याने कविता थोडीही उणी होत नाही. मूल असण्याची सक्ती आपणच तिच्यावर केली.

मुलांना माणूस म्हणून वागवणारा कुणी बघायचा असेल तर यानुष कोर्चाक या पोलिश ज्यू डॉक्टर-लेखकाकडे जा. वॉर्साच्या त्याच्या अनाथालयात मुलांचं न्यायालय होतं. मुलं एकमेकांवर खटले भरत, मोठ्यांवरही भरत, खुद्द कोर्चाकवरही. 18 जुलै 1942 रोजी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्साच्या वस्तीत त्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ केलं. अमलची गोष्ट आपल्याकडे कितीतरी जणांना माहीत आहे, पण तो प्रयोग फारसा कुणाला ठाऊक नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांसह त्याला ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं.

पत्रात तू विचारलं आहेस की गोष्ट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या, महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत आणली तर जवळची वाटेल का. आणू नकोस. तिथे आलेली पोलिश माणसं बहुतेक कॅथलिक होती, स्टालिनच्या राजवटीने 1940-41 मध्ये घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलेली. तो वेगळा इतिहास आहे आणि त्यावर वेगळी गोष्ट लिहिता येईल. आपल्या मातीचा वास यावा म्हणून एकाचं दुःख दुसऱ्याच्या खात्यावर मांडायचं नाही.

मग बाडाचं काय करायचं? अधिकारी काढ. त्याचा पाझर वाचकासाठी आहे, मुलासाठी नाही. मुलाचं वय चौदा कर, त्याला एक भाकरी चोरू दे आणि ती कुणाची होती ते त्याला माहीत असू दे. रडण्याची सगळी वाक्यं खोड. पान अकरावरचा उतारा मात्र तसाच ठेव, जिथे तो आपले बूट दुसऱ्याच्या बुटांशी ताडून बघतो. तिथे तू काहीच समजावत नाहीस. सबंध गोष्ट त्या उताऱ्यासारखी लिहून दिवाळीपर्यंत पाठव. लेवीचं पुस्तक वेगळ्या टपालाने येतंय. परत करायची घाई नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
सर