साऊथ पार्क पहिल्यांदा बघणार असशील तर

मित्रा, साऊथ पार्क ही अमेरिकन ॲनिमेटेड व्यंगमालिका पहिल्या सीझनपासून ओळीनेच बघायला पाहिजे असं काही नाही, 1997 चे एपिसोड मजेशीर आहेत पण सटायरला धार नंतर आली. एपिसोड लावण्याआधी त्याची तारीख मात्र नक्की बघ, कारण मालिकेचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन बहुतेक एपिसोड सहाएक दिवसांतच बनवायचे, म्हणजे त्या आठवड्यात अमेरिकेत जे गाजत होतं तेच त्यात. ओबामा 4 नोव्हेंबर 2008 ला निवडून आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरचा एपिसोड टीव्हीवर!

2005 चा ‘ट्रॅप्ड इन द क्लोझेट’ (कपाटात अडकलेला) हा सायंटॉलॉजी नावाच्या अमेरिकन धार्मिक पंथावरचा एपिसोड आधी बघ. त्या पंथातला हॉलिवूड नट टॉम क्रूझ कपाटात जाऊन बसतो आणि बाहेर यायलाच तयार नाही, गायक आर. केली त्यावर गातो, कारण तेव्हा त्याचं त्याच नावाचं गाणं चालू होतं, आणि मधेच त्या पंथाची कथा सांगताना स्क्रीनवर पाटी येते की हे लोक खरंच असं मानतात. शेवटची नामावली पण सोडू नकोस, सगळी नावं खोटी, जॉन स्मिथ आणि जेन स्मिथ, कारण हा पंथ टीकाकारांना कोर्टात खेचण्यासाठी प्रसिद्ध.

सारखं पॉज करून गूगल करू नकोस राव, लय जाते. आधी सलग बघ, मग संदर्भ वाच, मग परत बघ.

आणि त्यांचं प्रत्येक मत पटवून घेऊ नकोस. 2006 मधे त्यांनी हवामान बदलाचा इशारा देणाऱ्या माजी अमेरिकन उपराष्ट्राध्यक्ष अल गोरला मॅनबेअरपिग नावाच्या काल्पनिक राक्षसाच्या मागे लागलेला दाखवून त्याची टर उडवली आणि 2018 मधे त्याच मॅनबेअरपिगला खरं ठरवून चूक कबूल केली, ते दोन्ही पाठोपाठ बघ.