संदर्भसूचीतला जुना लेख नेटवर मिळत नाही. दुसऱ्याच्या पेपरातून संदर्भ उचलला तर चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय, ‘गाइड म्हणतात सगळे तसंच करतात.’ माझेही गाइड हेच म्हणायचे, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक पेपरात एक ठरावीक आकडा असायचा आणि त्याला एकच संदर्भ: खंड ३४, पान २१७. आमच्या ग्रंथालयात त्या जर्नलचे जुने अंक बांधून ठेवलेले होते. ३४वा काढला, तर पान २१७ वर भलताच लेख. ग्रंथपाल बाईंनी खंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी साल विचारलं. वर्षाला एक खंड निघत असेल तर शेजारच्या कुठल्याही खंडावरून मोजता येतं. हिशेब आला ४३. कुणीतरी कधीतरी आकडे उलटे टाकले आणि पुढच्यांनी ते निमूट उतरवून घेतले. (सिमकिन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी २००३ मध्ये अशाच नकललेल्या चुका मोजून अंदाज काढला होता, की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे २० टक्क्यांच्या आसपासच असावेत.)

४३व्या खंडात लेख निघाला. लेखकाने तो आकडा दिला होता खोडून काढायला! झेरॉक्स गाइडच्या टेबलावर ठेवली, तर म्हणाले, “एवढं कोण बघतं?” त्यांच्या त्यानंतरच्या पेपरातही खंड ३४च आहे.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, ओपॅकमध्ये (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत) लेखाचं नाव टाकू नका, जर्नलचं टाका. जर्नलचं नाव मधेच बदललेलं असू शकतं, जुन्या नावानेही बघा. अंक क्रमांक दिलेला नसला तरी सहसा अडत नाही, बऱ्याच जर्नलांची पानं खंडभर सलग मोजलेली असतात. पान चुकीचं निघालं तर खंडाच्या सुरुवातीला किंवा शेवटी वार्षिक सूची असते, तिथे लेखकाचं आडनाव शोधा. आणि हे सगळं ग्रंथपालांना विचारा, गाइडना नको. संदर्भ चॅटबॉटकडून आलेला असेल तर मात्र असा लेख मुळात आहे का तेच आधी बघा, तो नसलेले लेखही बिनदिक्कत रचतो.

हां, मूळ लेख खरंच हाती लागत नसेल, किंवा तुम्हाला न येणाऱ्या भाषेत असेल, तर ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असं सरळ लिहा. ते चालतं. वर ‘नाही चालणार’ म्हणालो ते न वाचता वाचल्याचा आव आणण्याबद्दल.

कॉलेजात तो खंडच नसेल तर इंटरलायब्ररी लोनचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याचा, अर्ज द्या, बहुधा लेखाची प्रत येते. अर्जात जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे त्याचा आठ अंकी ओळख क्रमांक, आवर्जून लिहा, सारख्या नावाची जर्नलं फार आहेत. अर्जावर गाइडची सही लागली तर गुपचूप घ्या, कारण सांगत बसू नका.