ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड पाहायला घेताना

ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड म्हणजे अमेरिकी सैन्याची मागून भरायची जुनी एकबारी रायफल. तिच्या लॉकप्लेटवर (चाप-यंत्रणेच्या बाजूच्या पट्टीवर) '१८७३' कोरलेलं दिसलं की नवखा माणूस हमखास त्यालाच बनवल्याचं साल समजतो. ते मॉडेलचं साल आहे. वय ठरवायचं तर सीरियल नंबर बघा.

रिकामी असल्याची खात्री करून हॅमर (घोडा) हाफ-कॉकवर, म्हणजे अर्ध्या ताणावर आणा. तो खाली असताना ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) उघडणारच नाही, जोर लावू नका. अंगठ्याने उजवीकडचा लॅच (खटका) उचला. ब्लॉकची बिजागरी पुढच्या टोकाला असल्याने तो पेटीच्या झाकणासारखा वर, पुढे उघडतो. शेवटच्या टप्प्यात एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) काडतुसाची कड ओढतो आणि केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, खालच्या उंचवट्याला आपटून बाहेर उडते. ही रचना अर्स्किन ॲलिनची. जुन्या ठासणीच्या बंदुका वाया जाऊ नयेत म्हणून १८६५ मध्ये सुरू झालेली.

खरी दुखरी जागा एक्स्ट्रॅक्टर. सुरुवातीच्या केस मऊ तांब्याच्या. चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) काजळी साचली किंवा चामडी पट्ट्यात केसवर हिरवा गंज चढला, की ती अडकायची. एक्स्ट्रॅक्टर नुसती कड फाडून यायचा. मग चाकूने उचकटा! १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत काही कार्बाइनचं (घोडदळाच्या आखूड बंदुकांचं) हेच झालं, कारण त्यांना साफसफाईचा गजही नव्हता. पुढे तो दस्त्यात आला.

ब्लॉक बंद करून हलवा. खुळखुळला तर बिजागरीची पिन किंवा लॅच झिजलाय. मूळ भरणा ७० ग्रेन (वजनाचं छोटं माप) काळी दारू, ४०५ ग्रेनची गोळी. आधुनिक जोरकस काडतूस या ॲक्शनला (ब्लॉकच्या यंत्रणेला) झेपत नाही.