लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर पित्त गळतंय, डॉक्टर प्लास्टिकचा स्टेंट म्हणतायत. मेटलचा जास्त चांगला नाही का?

बाबांच्या ट्रान्सप्लांटला दोन आठवडे झालेत, ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतून) पित्त येतंय आणि मेटलचा स्टेंट (पित्तनलिकेत ठेवायची नळी) का नको, असं तुम्ही विचारलंय. माझं लिव्हर बदललं तेव्हा माझ्या बहिणीने डॉक्टरांना हेच विचारलं होतं. बाराव्या दिवशी पिशवीत हिरवट पिवळं पाणी दिसायला लागलं आणि घरच्यांना वाटलं की गळतंय ना, मग मजबूत काहीतरीच बसवा.

पण प्लास्टिकचा स्टेंट गळतीवर ठिगळ लावत नाही. पित्तनलिका आतड्यात जिथे उघडते तिथला स्नायू आवळलेला असतो, त्यामुळे वर दाब राहतो आणि पित्त नव्या-जुन्या नलिकेच्या जोडाच्या फटीतून पोटात झिरपत राहतं. ईआरसीपी करून (म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून) तिथून बारीक नळी सरकवली की पित्ताला आतड्याकडे सरळ वाट मिळते, फटीतून येणारं कमी होत जातं आणि बहुतेक वेळा ती जागा आपोआप भरते. या कामाला ३ मिलिमीटरची नळी पुरते.

मेटलचा म्हणजे नायटिनॉल नावाच्या मिश्रधातूची जाळी, ती आत गेल्यावर ८ ते १० मिलिमीटरपर्यंत उघडते, कव्हर्ड प्रकारात बाहेरून आवरण असतं म्हणून गळती आतून दाबून बंद करते. गळती मोठी असेल किंवा प्लास्टिकने थांबत नसेल तर त्याचा विचार होतो, पण तो जागेवरून सरकू शकतो, आजूबाजूच्या फांद्यांची तोंडं झाकू शकतो (डोनरने लिव्हरचा तुकडा दिला असेल तर तिथे नलिका बारीक आणि कधीकधी दोन-तीन असतात, तिथे ही भीती जास्त), आणि ट्रान्सप्लांटच्या काही पेशंटमध्ये तो काढल्यावर नलिका आक्रसलेली सापडली आहे. नव्या लिव्हरच्या नलिकांना रक्त हिपॅटिक आर्टरीतूनच (लिव्हरच्या धमनीतून) मिळतं, त्या आधीच नाजूक असतात, म्हणून मला तरी आधी प्लास्टिक हेच पटतं. उद्या कोणी मेटल सुचवलाच तर पूर्ण कव्हर्ड आहे ना एवढं नक्की विचारा, उघड्या जाळीत मांस वाढतं आणि मग तो काढणं फार अवघड होऊन बसतं.

आर्टरीचा डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) झालाय का तेही विचारा, कारण रक्तच कमी पडत असेल तर नुसता स्टेंट टाकून भागत नाही. सोनोग्राफीत पित्त साचलेलं दिसलं तर ते वेगळ्या नळीने बाहेर काढावं लागतं. आणि नलिका थेट आतड्याला जोडली असेल तर साध्या ईआरसीपीची दुर्बीण तिथवर सहसा पोचत नाही, मग पोटाच्या बाहेरून लिव्हरमधूनच नळी टाकतात.

शेवटचं, आणि हे मी भोगलंय. माझी गळती थांबली, जेवण जायला लागलं, आणि आठ आठवड्यांनी स्टेंट काढायची तारीख मी पुढे ढकलली, वाटलं घाई काय आहे. प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबते हे मला माहीत नव्हतं. एका रात्री थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे झाले, परत अॅडमिट. म्हणून काढायची तारीख घरात दोघा-तिघांच्या फोनमध्ये टाकून ठेवा, आणि बाबांना थंडी-ताप आला तर सकाळची वाट बघू नका, इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असताना इन्फेक्शन फार पटकन चढतं.