सरकार अडचणीत असेल तर निवडणूक लवकर घ्यावी का मुदत पुरी करावी?

मुदत पुरी करावी अन् उरलेल्या दिवसात लोकायचं अडलेलं काम करावं. लवकर घेतली की जिंकतेच असं काही नाही, इंदिरा गांधींनी १९७१ ला वर्षभर आधी घेतली अन् जिंकल्या, पण १९९९ ला आपल्याच राज्यात शिवसेना-भाजप युती सरकारनं विधानसभा काही महिने आधी लोकसभेसोबत घेतली अन् सत्ता गेली, २००४ ला वाजपेयी सरकारचंही तसंच झालं.

आमच्या यवतमाळकडे लोक कापूस काय भावानं गेला ते पाहतात. दिवाळीच्या टायमाला सोयाबीन ओलं आहे म्हणून व्यापारी भाव पाडते, पहिल्या वेच्याचा कापूस घरात पडलेला, सरकारी खरेदी केंद्र उघडायचं बाकी असते अन् वेचाईचे पैसे मात्र बायांना रोख द्यावे लागतात. आमच्या घरी एका साली कापसाच्या गंजीवरच झोपत होतो आम्ही, खोलीत जागाच नव्हती. अशात मत मागायला येऊ नये बाप्पा. वरून आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाला विचारल्याशिवाय नवीन मदत जाहीर करता येत नाही, म्हणजे घाई सरकारची अन् थांबायचं शेतकऱ्यानं. आधी खरेदी सुरू करा, विकल्या मालाचे चुकारे खात्यात टाका, मग तारीख काढा.